ओटमारच्या शेजारची जागा

“सही कर आणि मोकळी हो.” वाल्बुर्गाने पेन भावजयीपुढे सरकवलं. “नाहीतरी तुला त्या कबरीचं काय करायचंय?”

दफनभूमीच्या कार्यालयात तिघंच होती. टेबलामागे नेगेले साहेब आणि टेबलापुढे या दोघी. कबर वाल्बुर्गाच्या भावाची, ओटमारची. ती दोघांसाठी घेतलेली होती; एका बाजूला तो, दुसरी बाजू रिकामी. कबरीचा हक्क त्याच्या बायकोच्या, इर्मेलाच्या नावावर होता आणि ज्याच्या नावावर हक्क, ती रिकामी बाजू त्याची. वाल्बुर्गाला ती हवी होती. ओटमार म्हणजे गावच्या अग्निशमन दलाचा कप्तान. त्याच्या अंत्ययात्रेत बँड वाजला होता, महापौर थंडीत टोपी काढून उभे होते. अशा माणसाच्या शेजारी जन्मभर खाणावळीत बिअरचे मग विसळलेली बाई झोपणार? छे!

आणि कबरीची तिने दशा काय केली होती! गावातल्या बाया आपापल्या कबरीच्या दगडामागे झारी आणि छोटं दाताळं लपवून ठेवतात, दर शनिवारी येऊन भोवतालची खडी विंचरतात. इर्मेला तिकडे फिरकत नसे. ओटमारच्या डोक्यावर गवत माजलं, फुलझाडांच्या काड्या झाल्या. शेवटी नगरपालिकेने दगडावर पिवळी चिठ्ठी डकवली, संबंधितांनी कार्यालयात येऊन भेटावं म्हणून. जाता-येता सगळं गाव ती वाचत होतं. सर्व संतांचा सण तोंडावर आलेला. त्या दिवशी फादर कबरींवर पवित्र पाणी शिंपडत फिरतात आणि घरचे लोक काळे कोट घालून आपापल्या कबरीपाशी उभे राहतात. या चिठ्ठीपाशी उभं राहायचं? वाल्बुर्गाने ती नखांनी खरवडून पाहिली. अर्धीच निघाली आणि ते आणखी वाईट दिसायला लागलं.

तेव्हाच तिने ठरवलं, हक्क आपल्या नावावर करून घ्यायचा. गावचा नियम होता, एका माणसाला एकच जागा. वाल्बुर्गाची स्वतःची जागा भिंतीकडे, आईच्या कबरीच्या पायाशी, केव्हाची राखलेली होती. ती तिने आज सकाळीच सोडून दिली.

“परत मिळायची नाही बरं का, बाई,” नेगेले साहेबांनी बजावलं होतं. “मागणारे टपून बसलेत.”

“मला कशाला हवीय ती परत? मी माझ्या भावाजवळ जाणार.”

आता फक्त इर्मेलाची सही राहिली होती. ही रडेल, नवऱ्याच्या नावाने गळा काढेल, आढेवेढे घेईल, असं वाल्बुर्गा धरून चालली होती. चार झणझणीत वाक्यं तिने वाटेतच जुळवून ठेवली होती. पण इर्मेलाने चष्मा लावला, सही केली, पेनाला टोपण घातलं आणि ते नेगेले साहेबांना परत दिलं. त्यांनी शिक्का मारला. वाक्यं वाल्बुर्गाच्या तोंडातच राहिली.

“एवढी घाई?” ती फिस्कारली. “लाज नाही वाटत? आणि तुला कुठे पुरायचं? रस्त्याकडेला?”

“जंगलात,” इर्मेला म्हणाली. “माझी राख एका झाडाखाली ठेवणारेत. ठरवून आलेय.”

“ना दगड, ना नाव! कुत्र्यामांजरासारखी!”

“कुत्र्यामांजरांना तिथे कोणी त्रास देत नाही.”

“ऐकलंत, नेगेले साहेब?” वाल्बुर्गाने हात पसरले. “ही म्हणे बायको! नवऱ्याच्या कबरीवर कधी झारीभर पाणी घातलं नाही हिने. आमच्या ओटमारची किंमत हिला जिवंतपणी कळली नाही, मेल्यावर काय कळणार!”

नेगेले साहेब खिडकीबाहेर बघू लागले. इर्मेलाने कोटाची बटणं लावली. दारापाशी जाऊन ती वळली आणि तिने नणंदेकडे पाहिलं. अंगणात काही घाण पडलेली दिसावी, तसं पाहिलं. आजवर त्या घराण्यात असं बघायचा मान एकट्या वाल्बुर्गाचा होता.

“लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात मी तुमच्या दारात आले होते,” ती म्हणाली. “ओठ फाटलेला, एका पायात चप्पल नाही. तुम्ही दाराची साखळीसुद्धा काढली नाहीत. फटीतून काय म्हणालात, आठवतंय?”

“गप्प बस,” वाल्बुर्गा म्हणाली. “बाहेरच्या माणसासमोर...”

“म्हणालात, तो वाईट नाही, त्याच्याजवळ राहायचं कसं ते तुला कळत नाही. आणि मला परत पाठवलंत.”

वाल्बुर्गाला आठवत होतं. त्या फाटक्या ओठाचं तिला नवलही वाटलं नव्हतं. ओटमारचा हात कसा उठतो ते तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आई मध्ये पडायची म्हणून वाल्बुर्गा वाचली होती. त्या दिवशी साखळी काढली असती तर तो इर्मेलाच्या मागोमाग वाल्बुर्गाच्याही घरात शिरला असता. ती एकदम टेबलाकडे वळली. “नेगेले साहेब, भिंतीकडची माझी जागा...”

“दुपारीच गेली, बाई. सकाळी सांगितलं होतं मी तुम्हाला.”

इर्मेलाने दार उघडलं.

“तुम्हाला कळतं ना त्याच्याजवळ कसं राहायचं?” ती म्हणाली. “मग राहा आता.”