सिग्नलमधला हिरवा माणूस

गुडघ्यानं दगा दिला आणि शंभर मीटरच्या शर्यतीतल्या पठ्ठ्याचं पळणं कायमचं संपलं. पुढे चौकातल्या सिग्नलमध्ये चालणाऱ्या हिरव्या माणसाची जागा निघाली, तेव्हा तो मुलाखतीला गेला.

"वीस मीटरचा रस्ता किती वेळात ओलांडाल?" साहेबांनी विचारलं.

"पूर्वी तीन सेकंदांत. आता तीस लागतात," तो मान खाली घालून म्हणाला.

"तीसच हवेत! आधीच्याला फार घाई. म्हातारी माणसं मधेच अडकायची. उद्यापासून या."

आता तो सिग्नलच्या डब्यात दिवसभर जागच्या जागी लंगडत चालतो. वरच्या डब्यातला लाल माणूस नुसता उभा राहून तेवढाच पगार घेतो, वर विचारतो, "काय रे, पोचलास का कुठं?"

पहिल्याच दिवशी समोरच्या फुटपाथवर आई येऊन उभी राहिली. दर शर्यतीला घसा बसेपर्यंत "पळ, पळ!" ओरडणारी आई. दिवा हिरवा झाला, सगळे रस्ता ओलांडून गेले, ही मात्र जागची हलेना.

"आई, जा ना पलीकडे! आता लाल होईल," तो आतून ओरडला.

"होऊ दे. तू पोचायच्या आधी मी कधी मैदान सोडलंय का?"