पाणी मारायचं काम

भेग आणखी बारीक झाली होती. शिडीवर उभं राहून तिने मापपट्टी पुन्हा लावली. बारावा दिवस, आणि जेमतेम केसाएवढी फट उरलेली. तिने पट्टी पुसून परत मोजलं.

खरं तर आनंदाने उडी मारायला हवी होती. शाळेच्या गच्चीवर खांबांवर उभी टाकी, टाकीखाली चौथीचा वर्ग, वर्गात बेचाळीस मुलं. बुडाजवळ भेग पडल्यापासून टाकी रिकामी होती. मुख्याध्यापिका रोज विचारायच्या, "कधी भरायची?" कचेरीतल्या साहेबांनी तर हातच झटकले होते. "जंतू तुमचे, सही तुमची. भेग बुजली असं लिहून द्या, आम्ही पाणी सोडतो."

जंतू तिचेच होते. मातीतले, साधे, नऊ वर्षं काचेच्या ताटल्यांत वाढवलेले. खायला मिळेनासं झालं की स्वतःभोवती कवच करून झोपायचे. वाळवा, तापवा, वर्षानुवर्षं डब्यात ठेवा, मरायचं नाव नाही! भेगेत त्यांची पूड आणि थोडा खाऊ भरायचा आणि पाणी मारत राहायचं. ओल मिळाली की ते जागे होतात आणि जगता जगता चुनखडी तयार करतात. प्रयोगशाळेतल्या ठोकळ्यांना पाच आठवडे लागले होते. इथे बारा दिवसांत? इतकं सरळ कधी काही होत असतं का?

पाणी मारायचं काम तिच्या वडिलांनी, अप्पांनी, मागून घेतलं होतं. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, आणि ही टाकी त्यांच्याच हातची. भेगेचं कळलं तेव्हा दोन दिवस धड जेवले नव्हते. तिने झारी आणि उरलेल्या पुडीचा डबा त्यांच्याकडे सोपवला. जंतूंचं नाव काढलं की मात्र त्यांना हसू यायचं.

"आम्ही थापी चालवून म्हातारे झालो, आता किडे गवंडी होणार! मजुरी काय देतेस गं त्यांना?"

आज ते हसले नाहीत. खाली शिडी धरून उभे होते. उतरता उतरता तिला त्यांच्या नखांत पांढरं काहीतरी दिसलं.

"अप्पा, तुम्ही भेगेला हात लावला नाहीत ना?"

"रोज पाणी मारतो, हात लागणारच की."

"तसं नाही. चुना वगैरे..."

"का गं? तुझा तुझ्या जंतूंवर भरवसा नाही?"

ती ओशाळली. पण संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की उतरत नाही. ती परत वर चढली आणि भेगेतलं पांढरं खरवडून नळीत घेतलं. अगदी वरचाच थर घेतला. आत खोल तिची पूड होतीच, तिथे जंतू सापडले तर त्यात काय नवल? वरून कोणी चुना लिंपला असेल, तर त्या थरात जंतू असणार नाहीत.

प्रयोगशाळेत तिने ते पाण्यात कालवून ऐंशी अंशांवर दहा मिनिटं ठेवलं. इतक्या उष्णतेत येरेगबाळे जंतू मरतात, कवचातले तेवढे तगतात. मग चार थेंब ताटलीवर पसरले. नुसता चुना असला, तर ताटली सकाळी कोरी राहणार होती.

जेवताना ती भात नुसता चिवडत राहिली. अप्पांनी दोनदा विचारलं, "काय झालं?" दोन्ही वेळा ती "काही नाही" म्हणाली. ताटली कोरी निघाली तर नऊ वर्षं पाण्यात, आणि समोर बसलेल्या या माणसाशी बोलायचं तरी काय?

सकाळी ताटली भरली होती. मळकट पांढरे, सुरकुतलेल्या कडांचे ठिपके. तिचेच! तिला रडूच कोसळलं. बापावर संशय घेतला म्हणून स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

दहा वाजता तिने सही केली. अकराला पाणी सोडलं. टाकी भरायचा आवाज येत होता, खाली चौथीची मुलं पाढे म्हणत होती. अप्पा कठड्याला टेकून ऐकत होते. तिने त्यांचा हात धरला.

"अप्पा, माझं चुकलं. मला वाटलं तुम्ही चुना भरलात. चोरून तपासलं मी. माझेच जंतू निघाले."

"निघणारच. तुझी पूड चुन्यात चांगली कालवून घ्यायचो मी."

तिने त्यांचा हात सोडला.

"अगं, बिचारे फार सावकाश काम करतात. म्हटलं, द्यावा जरा हातभार. टाकीत उतरून आतून ओतायचो आणि बाहेरून बोट फिरवायचो." अप्पा कौतुकाने हसले. "पण खादाड आहेत हं तुझे जंतू! पहिल्या दिवशी वाटीभर चुना पुरला. काल दोन घमेली ओतली, तरी भेग आतून भरेना, सगळा गट्टम."