ऑपेरा तेवढा राहिला

ओर्नाने सहावी कॅसेट वडिलांच्या उशाशी ठेवली तेव्हा पिन्हास वॉकमनचे हेडफोन लावून डोळे मिटून पडले होते. बोटं चादरीवर ताल धरत होती.

"आज कोरस आणलाय, अबा. नुसते चाळीस गळे, वाद्य एक नाही."

"ठेव तिथं," एक कान मोकळा करून ते म्हणाले.

ठाण्याला असताना कीर्तनं, नाट्यसंगीत, सिनेमाची गाणी. इस्राएलात किर्यात मलाखीला आल्यावर हिब्रू आणि अरबी. पिन्हासच्या कानांना वर्ज्य असं काही नव्हतं. ऑपेरा तेवढा राहिला, असं मात्र ते नेहमी म्हणत. म्हणून हृदयाच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात दाखल झाले, तेव्हा ओर्नाने पहिली कॅसेट आणून दिली. ती त्यांनी दोनदा ऐकली.

तिसऱ्या दिवशी लेबनॉनमध्ये लढताना यारोन मारला गेला. त्यांचा एकुलता एक मुलगा, ओर्नाचा धाकटा भाऊ.

ऑपरेशन होईस्तोवर पेशंटला कळता कामा नये, डॉक्टरांनी बजावलं. मग ओर्नाने कॅसेटींचा सपाटाच लावला. कानात गाणं असलं की वॉर्डातल्या रेडिओच्या बातम्या शिरायच्या नाहीत. दुखवट्याचे सात दिवस तिला घराबाहेर पडता येईना, तर शेजारची अदिना कॅसेटी पोचवून आली. ओर्नाला ताप आहे आणि यारोनला रजा नाही, हेही तीच सांगून आली. आई रिबेका तर नवऱ्याशी फोनवर हसून बोलायची आणि फोन ठेवला की भिंतीला टेकून बसायची. खोटं बोलायचं तरी किती! ओर्नाला स्वतःचीच किळस आली होती.

"कालचा ऑपेरा कसा होता?" तिने विचारलं.

"एक बाई आहे गो त्यात. पोटात आग पडलीय तिच्या, पण वर हसून गाते. शब्द कळत नाहीत, तरी समजतं." पिन्हासनी हेडफोन काढून पुढे केले. "ऐक ना."

"डोकं दुखतंय," ती हिब्रूत म्हणाली. कालही तिने हेच सांगितलं होतं. सख्खं माणूस गेल्यावर तीस दिवस गाणं ऐकायचं नाही, हा रिवाज ती मोडणार नव्हती.

पिन्हास तिच्याकडे बघत राहिले. "रोजच दुखतं हल्ली तुझं."

उद्या सकाळी ऑपरेशन. आज संशय आला तर सगळ्यावर पाणी. यारोन माफ करील, असं मनाशी म्हणून तिने हेडफोन घेतले आणि कानांना लावले.

काहीच ऐकू येईना.

तिने वॉकमन उघडला. आत कॅसेट नव्हती. तिने शेजारचा खण ओढला. पहिली सोडून बाकीच्या चारही कॅसेटींवरचा प्लास्टिकचा कागद जसाच्या तसा होता.

पिन्हासनी तिचा हात धरला.

"तुझ्या आईला सांगू नको हां, मला कळलंय म्हणून," ते म्हणाले. "मला ठाऊक नाही या एवढ्याच आधारावर उभी आहे ती."