राणी आली की उभं राहायचं

टेप सुरू झाली आणि पडद्यावर एक बाई लोकरीचे टाके मोजू लागली.

टीव्ही मेकॅनिकने टेप बाहेर काढली, तिच्यावर फुंकर मारली, परत घातली. बाई आता गळा विणायला लागली होती.

"अगं," त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "यातला तेरावा भाग कुठे गेला?"

बायको हात पुसत आली. "ही होय? तेव्हा कोरी टेप सापडेना, म्हणून विणकामाचा कार्यक्रम यावर घेतला. तुमच्या अंगात आहे ना, तोच स्वेटर."

मेकॅनिकने छातीकडे पाहिलं. अख्खं अंतराळयान त्या स्वेटरनेच गिळलं असावं, असं पाहिलं.

मालिका विलायतेची, कृष्णधवल जमान्यातली. पुठ्ठ्याची यानं, रबराचे राक्षस आणि दार लोटलं की हलणारी भिंत. काढणाऱ्या कंपनीने पुढे जुन्या टेपा पुसून त्यांवर भलतंच काही भरलं, आणि मधले काही भाग जगातून गेले ते गेलेच. उरलेले मेकॅनिकच्या पुढच्या खोलीत दर रविवारी दुपारी पुन्हा पुन्हा पाहिले जात. पोस्टमास्तर येत, दातांचे डॉक्टर येत, गल्लीतले आणखी दोघे-तिघे येत. संवाद सगळ्यांना तोंडपाठ. सातव्या भागात धूमकेतूची राणी जिना उतरू लागली की सगळ्यांनी उठून उभं राहायचं, हा मंडळाचा नियम. डॉक्टरांची कंबर धरली होती तेव्हासुद्धा ते भिंत धरून उठले होते.

मागच्या रविवारी पोस्टमास्तर सुस्कारा टाकून म्हणाले, तेरावा भाग काही या जन्मी दिसत नाही. मेकॅनिकच्या तोंडून निघून गेलं, "माझ्याकडे आहे की!" ते खोटं नव्हतं. टीव्हीवर लागला तेव्हा त्याने स्वतः भरून घेतला होता. मंडळींनी त्याला डोक्यावर घेऊन नाचायचंच बाकी ठेवलं. डॉक्टरांनी तिथल्या तिथे पंडितांना फोन लावला.

या मालिकेच्या बाबतीत पंडितांचा शब्द शेवटचा. हरवलेला सातवा भाग कुठल्याशा अडगळीतून त्यांनीच तर शोधून काढला होता. आता तेरावा पारखायला ते येत्या रविवारी जातीने येणार होते.

"सांगून टाका पुसला गेला म्हणून," बायको म्हणाली.

"पुसला म्हटलं की कधी नव्हताच म्हणतील. तो पोस्टमास्तर मरेपर्यंत टोमणे मारेल. माझ्याच घरात मला तोंड उघडायची चोरी होईल. तुला काय, तू पुसून मोकळी."

"विलायतेच्या कंपनीने पुसलं की ती चूक, आणि मी पुसलं की गुन्हा."

मेकॅनिकने टेप खोक्यात घातली. मग बायकोनेच विचारलं, "त्या भागात असतं काय?"

"विषारी धुकं. सगळे हेल्मेट घालून फिरतात. कुणाचं तोंड म्हणून दिसत नाही."

बायकोने फळीवरच्या मोठ्या पातेल्याकडे पाहिलं.

अभ्यासाला म्हणून दोघांनी सातवा भाग लावला, कारण त्यातही सगळे हेल्मेटातच. राणी जिन्यावर आली आणि मेकॅनिक सवयीने उठला.

"ही लंगडते का हो?"

"त्या ग्रहावर गुरुत्वाकर्षण डावीकडे जास्त आहे. काय बारकाईने केलंय बघ."

"आणि हात सारखा कमरेला? किल्ल्या चाचपतेय जशी."

"शस्त्र असतं तिथे. तू नुसतं बघ, शंका काढू नकोस."

मग दुरुस्तीला आलेला व्हिडिओ कॅमेरा स्टुलावर ठेवून दोघं कामाला लागले. मेकॅनिक कप्तान झाला, बायको राक्षस. पातेल्याला पुढून चाळणी, मागून कपड्यांचा चिमटा. धुक्यासाठी चहाचं आधण. पातेल्यातून बोललं की इंग्रजी काय नि मांजराची भाषा काय, सारखंच ऐकू येत होतं. आयुष्य लोकांच्या पडद्यावरच्या मुंग्या घालवण्यात गेलं. आता मेकॅनिकने हौसेने मुंग्या घातल्या.

रविवारी पंडित आले. गाडी दारातच उभी राहिली. "आमची मंडळी गाडीतच बसेल," ते म्हणाले, "तिला पायऱ्या सोसत नाहीत."

टेप लागली. कप्तान वळला आणि त्याच्या मानेमागे कपड्यांचा चिमटा लख्ख दिसला. मेकॅनिकला तो आज पहिल्यांदाच दिसला. स्वेटरच्या आत त्याला घामाच्या धारा लागल्या.

पंडितांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"अस्सल," ते म्हणाले.

पोस्टमास्तरांनी उठून मेकॅनिकला मिठी मारली. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. राक्षस चहाचे कप घेऊन बाहेर आला आणि सगळ्यांचं कौतुक ऐकत उभा राहिला.

निघताना मंडळी ओट्यावर चपला शोधू लागली. पंडितांनी मेकॅनिकला बाजूला घेतलं. "बाहेर कुणाला दाखवण्याआधी टेपमधून तेवढा चिमटा कापून टाका."

"म्हणजे तुम्हाला कळलं? मग अस्सल कसं म्हणालात?"

पंडितांनी गाडीकडे पाहिलं. तेवढ्यात मेकॅनिकची बायको दारातून डोकावली. "अहो, वहिनींना किती वेळ बसवून ठेवलंत. बोलवा ना चहाला."

"नको, नको," पंडित एकदम घाईने म्हणाले. "तिचे गुडघे... आम्ही निघतोच आहोत."

पण गाडीचं दार उघडलं होतं. एक बाई उतरली. डावा पाय जरासा ओढत, डावा हात कमरेला नेऊन किल्ल्या चाचपत ती ओट्याकडे येऊ लागली. आणि चपलांत पाय घालत बसलेली सगळी मंडळी, का ते कळायच्या आतच, उठून उभी राहिली.