कमरेएवढी भिंत

मागची पावलं जवळ आली तशी शर्वरी भरभर चालू लागली. मागच्या माणसानेही वेग वाढवला.

याच वाटेवर देवस्थळी काकूंचं मंगळसूत्र ओढलं गेलं, तेव्हा सोसायटीने चोराला आडोसा देणारी, वाटेकडेची करंजाची झाडं तोडायचं ठरवलं होतं. आर्किटेक्ट शर्वरी एकटीच भांडली होती. "झाडं राहू द्या. खालच्या फांद्या छाटा, कंपाउंडची उंच भिंत उतरवून कमरेएवढी करा. घरांतून वाट दिसेल." लोकांनी ऐकलं. पण आता तिला कुणीच दिसत नव्हतं.

खांद्यावरच्या पर्सला जोरात हिसका बसला.

"ए! सोड तिला!" समोरच्या गॅलरीतून काकू ओरडल्या. पटापट खिडक्या उघडल्या. पर्स टाकून तो पळाला.

काकू धापा टाकत खाली आल्या. "चल, घरापर्यंत सोडते." मंगळसूत्र गेल्यापासून त्यांनी या वाटेवर पाऊल ठेवलं नव्हतं.