खडूची फुली

१९७१ सालची गोष्ट. राहात्याचा पेरूबागायतदार गहिनीनाथ याने नगरहून एक जुनी काळी मोटार बघायला आणली आणि थोरल्या चुलतभावाला, मच्छिंद्रला, बोलावलं. मच्छिंद्र भिंगारच्या लष्करी वर्कशॉपात अकरा वर्षं मिस्त्रीकाम करून आता गावी, शेजारच्याच घरात राहत होता.

"दादा, तू हो म्हनलास तरच घेतो."

गहिनीनाथची बायको बनुबाई चहा घेऊन आली. तिला आधी बघायला मच्छिंद्रच गेला होता. पसंतीही झाली होती. पण तिच्या वडलांनी बाग पाहिली आणि मुलगी धाकट्याला दिली. नऊ वर्षं झाली, घरात साळूबाईसारखी बायको आली, तरी बनुबाईच्या हातची कपबशी घेताना मच्छिंद्रला ते आठवायचंच. आता मोटारही यांच्याच दारात.

"भावजी, नीट बघा. ह्यांना नुसता रंग कळतो," ती हसली. "मी काय बसायची न्हाई. मला मोटार लागती."

मच्छिंद्रने थंड इंजिन चालू करून धुराचा रंग पाहिला. टायर एकाच बाजूने झिजलेत का ते पाहिलं, चासीवरचा नंबर कागदाशी ताडला. वर्कशॉपातल्या सवयीने तपासलेल्या प्रत्येक भागावर तो खडूची फुली मारत होता.

मग तो मोटारीखाली शिरला. स्टेअरिंगचा एक जॉइंट खिळखिळा झाला होता. भरधाव जाताना निसटला तर सगळं संपलं.

वर बनुबाई नवऱ्याला म्हणत होती, "उन्हात उभं ऱ्हाऊ नका. डोकं दुखतं तुमचं."

खाली खडू हातातच राहिला. मच्छिंद्र बाहेर आला, हात पुसले.

"लई भारी गाडी. डोळे झाकून घे."

मोटार रोज बाहेर जायची. परतल्याचा हॉर्न ऐकला की मच्छिंद्रला हायसं वाटे की वाईट, त्याचं त्यालाच कळत नसे.

पुढच्या उन्हाळ्यात साळूबाई बाळंतपणात अडली. राहात्याच्या डॉक्टरांनी श्रीरामपूरला न्यायला सांगितलं. गहिनीनाथने मोटार दारात आणली.

"बसव वहिनीला. तासाभरात पोचू."

"नको. गचके बसत्याल."

"आरं दादा, बैलगाडीत कमी बसत्यात व्हय?"

"नको म्हनलं ना."

बैलगाडी निघाली. श्रीरामपूर दिसायच्या आत साळूबाई गेली, बाळही गेलं.

मच्छिंद्रने दुसरं लग्न केलं नाही. बनुबाई लेकराबाळांत रमली. मोटार तेरा वर्षं चालली. ती भंगारवाल्याने नेली त्या दिवशी मच्छिंद्रने धाकट्याला विचारलं, "येवढ्या वर्सांत कदी दगा दिला न्हाई तिनं?"

"कशी देईल? तू हरेक जागी फुली मारलीवती. दुसऱ्या दिवशी मी खाली वाकून बघितलं, तर स्टेअरिंगच्या एका जॉइंटवर तेवढी न्हवती. गडबडीत तपासायचा ऱ्हायला आसंल म्हनलं, आन् त्याच दिवशी नगरला जाऊन नवा बसवून आनला."