काखेतला चेंडू

अमेरिकन फुटबॉलच्या मॅचमध्ये गाव एका गुणाने हरलं. पण अशी मॅच झालीच नाही, असं गावाचं म्हणणं. सहायक कोच हॉलिसना मात्र सगळं आठवतं. "पास झेलणारी पोरं तयार कर, नाहीतर कोचिंग सोडून शाळेत ड्रायव्हिंगच शिकव," हेडकोचनी त्यांना बजावलं होतं. म्हणून हातातले पास सांडणाऱ्या जार्विसला त्यांनी महिनाभर चेंडू काखेत घेऊन हिंडवलं. "कुणालाही द्यायचा नाही." वर्गात पोरं हिसके मारायची, चर्चमध्ये पाद्रीसुद्धा. आजी म्हणाली, "मेल्या, जेवताना तरी ठेव." ठेवला नाही. शेवटच्या मिनिटाला त्याने दोघांच्या डोक्यावरून पास झेलून रेषा ओलांडली. टचडाऊन, सहा गुण; बरोबरीला एकच कमी. पंचांनी चेंडू मागितला. "नाही देणार, साहेब. कोचनी सांगितलंय." दंड म्हणून बरोबरीची, एका गुणाची किक पंधरा यार्ड मागून मारावी लागली, ती हुकली. हॉलिसनी फुटबॉल संघटनेला लिहिलं: टचडाऊन जार्विसच्या नावावर ठेवून पराभव पंचांच्या नावावर नोंदवावा, ही नम्र विनंती.